कुणी बघतंय का? एका बोटभर माशाचा धंदा आणि आपण

एक मोठा ग्रुपर डोळ्यासमोर आणा, हेकरूच्या जातीतला, तोंड एवढं की वीतभर मासा एका घोटात आत जाईल. तो कोरल रीफवरच्या एका ठरलेल्या खडकापाशी येतो, थांबतो, पाण्यात लटकल्यासारखा स्थिर होतो आणि जबडा उघडतो. मग बोटभर लांबीचा, अंगावर काळा पट्टा आणि शेपटीकडे निळसर होत गेलेला एक मासा सरळ त्या तोंडात शिरतो. आत दातांच्या फटीत काहीतरी टिपतो, घशापर्यंत चक्कर मारून येतो, कल्ल्याच्या झडपेतून बाहेर निघतो, पुन्हा आत जातो. ग्रुपरचं पोट भरलेलं असेलच असं काही नाही. काम झालं की तो तोंड अर्धवट मिटतो आणि परत उघडतो, म्हणजे "चल, निघ आता" असा इशारा, बारका बाहेर पडला की मग तोंड पूर्ण मिटून निघून जातो.

पहिल्यांदा व्हिडिओ बघितला तेव्हा माझ्या डोक्यात आलं ते बहुतेक सगळ्यांच्याच डोक्यात येत असणार. गिळत का नाही? साफसफाई झालीये, जेवण स्वतःच्या पायांनी, म्हणजे परांनी, तोंडात आलंय, जबडा मिटायचा फक्त.

रॉबर्ट ट्रिव्हर्स नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक पेपर लिहिला, जिवंत प्राणी एकमेकांना मदत का करतात आणि ती मदत टिकते कशी यावर, आणि त्यात उदाहरण म्हणून हेच मासे घेतले होते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की सफाई करणारा चांगला मासा सहजासहजी मिळत नाही, तो एकाच जागी सापडतो, त्यामुळे आज त्याला खाऊन एक घास मिळवण्यापेक्षा उद्या, परवा आणि पुढच्या महिन्यात त्याच्याकडून अंग साफ करून घेणं जास्त फायद्याचं. हिशेब पटतो. पण त्यानंतरच्या काही दशकांत लोकांनी तासन् तास पाण्याखाली बसून हे मासे बघितले आणि लक्षात आलं की खरा लोचा उलट्या बाजूला आहे. मोठा मासा छोट्याला फसवत नाही हे ठीक, पण छोटा मोठ्याला फसवत नाही असं कुणी सांगितलं?

आधी धंदा समजून घेऊ. या माशाला क्लीनर रास म्हणतात, मी पुढे नुसतं क्लीनर म्हणेन. हिंदी महासागर आणि पॅसिफिकच्या रीफवर हा सगळीकडे असतो. प्रत्येकाची एक छोटी जागा ठरलेली, तिला क्लीनिंग स्टेशन म्हणतात, आणि आजूबाजूचे मासे तिथे येऊन उभे राहतात. माशांच्या अंगावर बारके रक्त पिणारे जीव चिकटतात, समुद्रातली गोचीडच समजा, ती हा खातो. ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड आयलंडजवळ ॲलेक्झांड्रा ग्रटर यांनी मोजून काढलं की एक क्लीनर दिवसाला साधारण १२०० असे परजीवी खातो. बाराशे! म्हणजे जे काम चालतं ते टाइमपास नाहीये, गिऱ्हाइकांची खरंच सोय होते.

पण क्लीनरला मुळात गोचीड आवडतच नाही.

त्याला आवडतो तो माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर. आपण मासा हातात धरला की जो सटकतो ना, तो. तो थर माशाचं संरक्षण करतो, जंतूंपासून आणि काही जातींत तर उन्हापासूनही, आणि तो बनवायला माशाला खर्च येतो. क्लीनरसाठी मात्र तो पौष्टिक माल. त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या अंगावर तोंड टेकवताना याच्यासमोर दोन गोष्टी असतात, एक खायला सांगितलेली आणि एक खायची इच्छा असलेली, आणि दोन्ही एकाच कातडीवर, मिलिमीटरच्या अंतरावर. ऑफिसच्या फ्रिजमध्ये आपला डबा आणि शेजारी दुसऱ्याचा केक, तसं काहीसं.

फसवणूक झाली की ती दिसते. क्लीनरने थराचा चावा घेतला की गिऱ्हाईक एकदम झटका देतं, अंगातून करंट गेल्यासारखं. संशोधक हे झटकेच मोजतात. झटके जास्त म्हणजे लबाडी जास्त. इतकं सोपं माप निसर्गात क्वचित मिळतं, माणसांच्या बाबतीत तर नाहीच, आपण फसवले गेलो की तीन वर्षांनी कळतं.

आता गिऱ्हाइकांचे प्रकार बघा, इथे खरी मजा आहे. काही मासे जन्मभर छोट्याशा भागात राहतात, त्यांच्या हद्दीत एकच क्लीनर, दुसरीकडे जायची सोयच नाही. काही मासे फिरते, त्यांच्या वाटेत चार-पाच स्टेशनं येतात, हे नाही तर ते. आणि तिसरे शिकारी, ज्यांच्या दातांना बोटभर मासा म्हणजे काहीच नाही. रेदुआन ब्शारी नावाचे संशोधक, स्वित्झर्लंडच्या नूशातेल विद्यापीठातले, यांनी लाल समुद्रात वर्षानुवर्षं हेच बघितलं की क्लीनर या तिघांशी वेगवेगळं वागतो. फिरतं गिऱ्हाईक आलं की त्याला आधी घेतो, कारण थांबवलं तर ते दुसरीकडे जाईल. स्थानिक गिऱ्हाईक बिचारं रांगेत थांबतं, जाणार कुठे. पण चावलं तर ते गप्प बसत नाही, क्लीनरच्या मागे लागून त्याला पळवतं, आणि अशी पळापळ झाली की पुढच्या वेळी क्लीनर त्याच्याशी जरा नीट वागतो. फिरता मासा भांडत बसत नाही, तो सरळ निघून जातो आणि परत येत नाही. आणि शिकारी? शिकाऱ्याला क्लीनर जवळपास कधीच चावत नाही. सर्व्हिस एकदम फाइव्ह स्टार.

मला इथे थांबून सांगावंसं वाटतं की या एका छोट्या मांडणीत "प्रामाणिकपणा" हा स्वभाव म्हणून कुठेच दिसत नाही. तोच मासा, तोच दिवस, तीच भूक, आणि समोरचा काय करू शकतो यावर वागणं ठरतंय. जाऊ शकतो, मारू शकतो की खाऊ शकतो.

मग चौथी गोष्ट लक्षात आली, बघणारे.

स्टेशनवर बऱ्याचदा एक गिऱ्हाईक आत आणि एक-दोन बाहेर वाट बघत असतात, आणि ते नुसते उभे नसतात, बघत असतात. आतल्याला झटका बसताना दिसला की बाहेरचा पुष्कळदा निघून जातो. २००६ मध्ये ब्शारी आणि ग्रटर यांनी हे प्रयोगाने दाखवलं. गिऱ्हाईक माशाला दोन क्लीनर दाखवले, एक नीट काम करतोय आणि एक करत नाहीये, तर गिऱ्हाईक नीट काम करणाऱ्याच्या बाजूला जास्त वेळ थांबलं. उलट बाजूने क्लीनरची परीक्षा घेतली. त्याच्यापुढे प्लेटा ठेवल्या, त्यावर कोळंबी आणि फिश फ्लेक. कोळंबी त्याला प्रचंड आवडते, फ्लेक ठीकठाक, म्हणजे कोळंबी झाली बुळबुळीत थर आणि फ्लेक झाली गोचीड. कोळंबीला तोंड लावलं की प्लेट निघून जाणार, फक्त फ्लेक खात राहिलं तर प्लेट राहणार. क्लीनर शिकला, आणि जिथे शेजारची "बघणारी" प्लेटही त्याच्या वागण्यावर अवलंबून होती तिथे तो आवडीच्या विरुद्ध जाऊन जास्त फ्लेक खायला लागला. थोडक्यात, कुणी बघत असलं की मासा सभ्य होतो.

हे वाचून कुणाला आपले मासे फार गोड वाटायला लागले असतील तर ब्शारींचंच आणखी एक निरीक्षण ऐका, २००२ चं. काही क्लीनर छोट्या गिऱ्हाइकाला, ज्याच्यातून फार काही मिळणार नाही, फुकटात मसाज देतात, म्हणजे पोटाखालच्या परांनी त्याच्या पाठीवर हळूहळू थापटतात, तेव्हा खात काहीच नाहीत, कारण तोंड दुसरीकडे असतं. लांबून बघणाऱ्या मोठ्या माशाला वाटतं वा, काय सेवा आहे, तो जवळ येतो, आणि हा त्याला चावतो. चांगुलपणाची जाहिरात, आणि माल दुसराच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो होतो आणि मग मला तीन माणसं आठवली, नावं नको.

मसाजचं मात्र खरं काम आहे हं, नुसती जाहिरात नाही. २०११ मध्ये एका टीमने सर्जनफिश नावाचे रीफवरचे मासे घेतले आणि त्यांच्या टाकीत क्लीनरची नकली मॉडेल ठेवली, काही हलणारी आणि काही स्थिर. हलणाऱ्या मॉडेलला अंग घासता आलं त्या माशांच्या रक्तात स्ट्रेसचं हॉर्मोन, कॉर्टिसॉल, कमी सापडलं. तिथे परजीवी काढणं नाही, काही नाही, नुसता स्पर्श. चिडलेल्या गिऱ्हाइकाला शांत करायला आणि शिकाऱ्यापुढे जीव वाचवायला क्लीनर हाच उपाय वापरतो. म्हणजे मासा थापटून घ्यायला येतो आणि त्याला बरं वाटतं. "बरं वाटतं" हा शब्द मी वापरला, पेपरमध्ये तो नाहीये, तिथे फक्त हॉर्मोनचा आकडा आहे, आणि हा फरक मी पुढे परत काढणार आहे.

आता नवरा-बायकोची गोष्ट. क्लीनरचा एक नर आणि त्याच्या हद्दीत अनेक माद्या असा संसार असतो, आणि बऱ्याचदा नर-मादी जोडीने एकाच गिऱ्हाइकावर काम करतात. इथे अडचण अशी की गिऱ्हाइकाच्या अंगाचा चावा घेऊन मजा एकाने मारायची आणि गिऱ्हाईक पळालं की नुकसान दोघांचं. तर मादी चावली आणि गिऱ्हाईक निघून गेलं की नर तिच्या मागे लागतो, तिला पळवतो, प्रसंगी चावतो. निकोला रायहानी, ग्रटर आणि ब्शारी यांनी २०१० मध्ये तेच कोळंबी-फ्लेकवालं सेटिंग जोडीवर लावलं. मादीने कोळंबी खाल्ली की प्लेट गायब, नर तिच्या अंगावर धावून जातो, आणि पुढच्या वेळी मादी कोळंबीला तोंड लावायच्या आधी जरा आवरते. नराला त्याचा फायदा मिळतो, प्लेट जास्त वेळ टिकते आणि त्याच्या वाट्याला जास्त येतं.

नर स्वतः चावतो का? चावतो की. त्याला कोण पळवणार.

याच्या मागे आणखी एक पेच आहे. क्लीनर सगळे मादी म्हणून सुरुवात करतात. नर मेला की सगळ्यात मोठी मादी नर होते, म्हणजे वागणं काही तासांतच बदलतं आणि साधारण दोन-अडीच आठवड्यांत ती शुक्राणू द्यायला लागते, हे १९७२ पासून माहीत आहे. मग नराच्या दृष्टीने बघा, जी मादी चोरून कोळंबी खाऊन वाढतेय ती नुसती धंदा बिघडवत नाहीये, ती उद्याची त्याची प्रतिस्पर्धी आहे. आणि खरंच पुढच्या प्रयोगांत दिसलं की आकाराने आपल्या जवळ पोचलेल्या मादीला नर जास्त कडक शिक्षा करतो. आता याला "न्याय" म्हणायचं की खुर्ची वाचवणं म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

इथपर्यंत आलं की हात शिवशिवतात, लगेच लिहावंसं वाटतं की माणूसही असाच, कॅमेरा असला की सरळ आणि नसला की वाकडा. मलाही वाटलं होतं, आणि त्याला पुरावाही तयार होता. २००६ मध्येच इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठात मेलिसा बेटसन आणि सहकाऱ्यांनी एक भारी प्रयोग केला. स्टाफच्या खोलीत चहा-कॉफी-दूध ठेवलेलं आणि शेजारी पैसे टाकायचा डबा, बघायला कुणी नाही. भिंतीवरच्या दरपत्रकाच्या वर एका आठवड्यात फुलांचं चित्र आणि पुढच्या आठवड्यात रोखून बघणाऱ्या डोळ्यांचा फोटो, असं आलटून पालटून दहा आठवडे. डोळ्यांच्या आठवड्यांत लोकांनी जवळजवळ तिप्पट पैसे टाकले. नुसते कागदावरचे डोळे! ही गोष्ट जगभर पसरली आणि ठिकठिकाणी चोरी थांबवायला डोळ्यांची पोस्टरं लागली.

पण मग पुढे काय झालं ते कमी लोक सांगतात. बऱ्याच लोकांनी असेच प्रयोग करून बघितले, काहींना फरक दिसला, काहींना नाही, आणि २०१७ मध्ये सगळे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला तेव्हा डोळ्यांच्या चित्राने माणसं जास्त उदार होतात असं काही निघालं नाही. म्हणजे मूळ प्रयोग खोटा होता असं नाही हं, त्या खोलीत ते पैसे खरंच पडले. पण एका खोलीतल्या दहा आठवड्यांवर "मानवी स्वभाव" उभा करणं जमलं नाही. मासा खऱ्या बघणाऱ्याला ओळखतो, जो उद्या गिऱ्हाईक होऊ शकतो. कागदाचे डोळे उद्या येणार नाहीत, हे माणसाच्याही डोक्यात कुठेतरी शिरत असणार, असा माझा अंदाज, अंदाजच.

आणि तुलना करायचीच तर नीट करू. नर क्लीनर मादीला पळवतो तेव्हा त्याचं स्वतःचं जेवण गेलेलं असतं. माणसाचं काय? अर्न्स्ट फेर आणि सायमन गॅख्टर यांनी २००२ मध्ये विद्यार्थ्यांना खऱ्या पैशांचा खेळ खेळायला लावला, चार-चार जणांचे गट, सगळ्यांनी थोडे थोडे पैसे सामायिक डब्यात टाकायचे, डबा वाढला की सगळ्यांना फायदा, पण न टाकणाऱ्यालाही वाटा मिळतोच. मग त्यांना एक मुभा दिली, स्वतःच्या खिशातून थोडे पैसे खर्च करून फुकट्याला दंड करता येईल. आणि गट प्रत्येक फेरीत बदलायचा, तोच माणूस परत भेटणार नाही. म्हणजे दंड करून मला पुढे काहीच मिळणार नाही. तरी लोकांनी दंड केला, भरपूर केला, आणि त्यामुळे सगळ्यांचं योगदान वाढलं. रागाने केला असं ते सांगत होते.

मासा हे करत नाही. परक्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याच स्टेशनवर चावलं गेलं म्हणून कुणी क्लीनर जाऊन भांडत नाही. आपण भांडतो, कुठल्यातरी अनोळखी माणसाला कुणीतरी रिफंड दिला नाही यावर रात्री दोन वाजेपर्यंत कमेंटा लिहितो. मला वाटतं सारखेपणापेक्षा हा फरक जास्त शिकवतो, पण सारखेपणाच्या पोस्ट जास्त चालतात, त्याला काय करणार.

शब्दांचाही घोळ आहे. गिऱ्हाईक, फसवणूक, शिक्षा, मी सुरुवातीपासून हेच शब्द वापरतोय आणि संशोधकही वापरतात. पण त्यांच्याकडे प्रत्येक शब्दाची कोरडी व्याख्या असते. शिक्षा म्हणजे काय, तर एकाने स्वतःला थोडा तोटा करून घेऊन दुसऱ्याचा तोटा केला आणि त्यामुळे दुसऱ्याचं वागणं पहिल्याच्या फायद्याचं झालं. त्यात राग नाही, न्याय नाही, "बघतोच तुला" नाही. आपण शब्द वाचतो आणि आपल्या घरातलं सगळं सामान त्यात भरतो. "बरं वाटतं" तसंच. कॉर्टिसॉल खाली गेलं हे मोजता येतं, माशाला आतून काय झालं ते नाही. म्हणून मासे म्हणजे चालतीफिरती यंत्रं, असं म्हणणंही तितकंच घाईचं आहे, आणि ते का ते आता सांगतो.

२०१२ मध्ये एक प्रयोग छापून आला ज्याने बऱ्याच लोकांची झोप उडवली असेल. दोन प्लेटा, दोन्हीवर सारखंच खाणं, फक्त रंग वेगळा. एक प्लेट तुम्ही दुसरीकडे वळलात की काढून घेतात, दुसरी कितीही वेळ राहते. हुशारी एवढीच की आधी जाणाऱ्या प्लेटवरचं खा, मग राहणाऱ्या, म्हणजे दोन्ही मिळतात. फिरतं गिऱ्हाईक आधी आणि स्थानिक नंतर, क्लीनरचा रोजचाच प्रश्न. मोठे क्लीनर हे शिकले. कॅपुचिन माकडं अडकली, ओरँगउटान अडकले, चिंपांझींपैकी दोघांना जमलं. एका संशोधकाने आपल्या चार वर्षांच्या मुलीवर चॉकलेटच्या गोळ्या घेऊन हेच करून बघितलं, शंभर वेळा, तिलाही नाही जमलं. (मला वाटतं तिला गोळ्या तशाही मिळणार होत्या हे तिला माहीत असावं.) याचा अर्थ मासा चिंपांझीपेक्षा हुशार असा नाही. अर्थ असा की हुशारी म्हणजे एकच शिडी नाहीये की ज्याच्यावर सगळ्यांना नंबर देता येतील, ज्याला जो प्रश्न रोज सोडवावा लागतो त्यात तो पटाईत. चिंपांझीपुढे फळ ठेवलं तर ते पाठ फिरवून निघून जात नाही.

नकली माल असल्याशिवाय कुठला धंदा पूर्ण होतो? क्लीनरसारखाच दिसणारा, तसाच पट्टा, तसंच नाचत पोहणं, असा एक ब्लेनी जातीचा मासा आहे. गिऱ्हाईक फसतं, जवळ येतं आणि तो पराचा लचका तोडतो. बरीच पुस्तकं इथेच थांबतात. प्रत्यक्षात त्याचं पोट तपासलं तर त्यात मुख्यतः इतर माशांची अंडी, नळीतल्या किड्यांचे तुरे वगैरेच सापडलं, लचके हे जोडधंद्यासारखे. वेषाचा मोठा फायदा कदाचित एवढाच की शिकारी त्याला क्लीनर समजून सोडून देतात.

हे सगळं बारीकसारीक वागणं एकूण समुद्राला किती लागतं? लिझर्ड आयलंडवर काही छोट्या रीफवरून क्लीनर काढून टाकले आणि परत परत काढत राहिले, साडेआठ वर्षं. एवढ्या चिकाटीचं मला फार कौतुक आहे, साडेआठ वर्षं तेच तेच मासे जाळ्यात पकडायचे. शेवटी मोजलं तर क्लीनर नसलेल्या रीफवर कायम राहणारे मासे ३७ टक्के कमी आणि त्यांच्या जाती २३ टक्के कमी. बोटभर मासा गेला आणि वस्तीच आटली.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. २०१४ आणि २०१५ मध्ये लिझर्ड आयलंडच्या आसपास दोन चक्रीवादळं आली आणि २०१६ मध्ये पाणी तापून कोरल पांढरं पडलं. क्लीनरांची संख्या साधारण ८० टक्क्यांनी घसरली. जे वाचले त्यांच्यावर संशोधकांनी तेच जुने प्रयोग परत लावले, बघणारा असताना सभ्य वागणं आणि जाणारी प्लेट आधी. आणि पूर्वी याच जागच्या माशांना जे जमत होतं ते यांना जमेना. मेंदू तोच, जात तीच, बेट तेच. पण आता क्लीनर मोजके आणि त्यांच्यापुढे गिऱ्हाईक भरपूर, एक गेलं तर दुसरं उभंच आहे. कुणी बघतंय का याची फिकीर करायला कारणच उरलं नव्हतं. आपण हे वाचताना "मासे बिघडले" असं मनात म्हणतो. मी पण म्हटलं. पण मासे बिघडले नव्हते, रांग लांब झाली होती.

ब्शारींच्या लाल समुद्रातल्या जागेत फिरत्या गिऱ्हाइकापुढे चार-पाच स्टेशनं होती म्हणून ती सेवा होती. चांगुलपणा कुठे साठवलेला नव्हता, तो दर वेळी नव्याने तयार होत होता, आणि तयार व्हायला दुसरीकडे जायची वाट लागत होती. माणसांत एवढंच असतं असं मी म्हणणार नाही, वर त्या दंड करणाऱ्या विद्यार्थ्यांचं सांगितलंच. पण एखादं दुकान, एखादं खातं, एखादा माणूस एकाएकी उर्मट झाला की मी आता आधी रांग बघतो.

आरशाचं राहिलं. जपानमधल्या ओसाकातल्या मासानोरी कोहदांच्या टीमने २०१९ मध्ये क्लीनरला आरसा दाखवला. आधी मासा आरशातल्याशी भांडला, मग काही दिवसांनी भांडणं संपली आणि तो विचित्र वागायला लागला, उलटा पोहून बघ, पुढे-मागे करून बघ, आपण ट्रायल रूममध्ये करतो तसं. मग त्याच्या गळ्याखाली, जी जागा त्याला स्वतःला दिसत नाही तिथे, परजीवीसारखा दिसणारा तपकिरी ठिपका टोचला. आरशात बघून त्याने गळा वाळूत घासला. आरसा नसताना नाही, पारदर्शक ठिपका असताना नाही. चिंपांझींची हीच परीक्षा गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये घेतली होती आणि तेव्हापासून ती "स्वतःची ओळख" असण्याची खूण मानली जायची. गॅलपना मात्र माशांचं हे पटलं नाही, त्यांचं म्हणणं असं की ठिपका गोचिडीसारखा दिसतो म्हणून क्लीनरला त्यात रस, त्यातून स्वतःची जाणीव सिद्ध होत नाही. कोहदांनी आणखी मासे घेऊन २०२२ मध्ये सांगितलं की एकूण १८ पैकी १७ पास. वाद चालू आहे आणि चालू राहू दे, परीक्षा माशाला लावली तेव्हाच लोकांना परीक्षेबद्दल शंका यायला लागली हे मात्र बघण्यासारखं आहे.

त्याच टीमचा २०२४ चा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. क्लीनरला परक्या क्लीनरचे फोटो दाखवले, काही त्याच्यापेक्षा दहा टक्के मोठे, काही दहा टक्के छोटे. आरसा कधीच न बघितलेले मासे सगळ्याच फोटोंवर धावून जायचे. आरसा बघून सरावलेले मासे छोट्यावर धावून गेले आणि मोठ्याला सोडून दिलं. आणि मोठ्याचा फोटो समोर असताना टाकीत आरसा असला तर मासा मध्येच फोटो सोडून आरशापाशी जायचा, स्वतःला एकदा बघून घ्यायचा.